दीड एकराचा समुद्र

सिनेमा दोन तासांत संपतो, त्याचे किस्से मात्र संपता संपत न्हाईत. आमचा सिनेमा होऊन वर्ष व्हायला आलं, तरी वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाला चार जण टेकले की कुणीतरी हळूच म्हणतं, "आप्पा, ते नारळाचं सांगा ना!" झालं! नारळ झाला की मिशी निघते, मिशी झाली की पाळणा निघतो, अन् चहा तीनदा सांगावा लागतो. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. तसाबी मी आता मोकळा माणूस हाय. सिनेमा पुरा झाला, लोकांनी बघितला, कुणाचा हातपाय मोडला न्हाई. सुटलो बुवा एकदाचे!

मी रिटायर तलाठी. सगळे आप्पा म्हणतात. अन् सिनेमा काढला तो माझे दोस्त सुधाकर सरांनी. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. गेली तीस वर्षं एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात. साठ वर्षांपूर्वीचा काळ, समुद्राकाठची एक मौजबाग, तिथं आकाशपाळणा फिरवणारा पोरगा, अन् रोज संध्याकाळी एकटीच येऊन पाळण्यात बसणारी पोरगी. दोघांचं प्रेम बसतं अन् शेवटी ताटातूट होते.

रिटायर झाले त्या दिवशी सर म्हणाले, "आप्पा, आता काढतोच!"

मी म्हटलं, "सर, काढा. पण समुद्र?"

"बघू," म्हणाले.

आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबी हाय, द्राक्षं हायेत, लोखंडाचे कारखाने हायेत, बियाण्याच्या कंपन्या हायेत. समुद्र तेवढा न्हाई.

*

महिनाभर आम्ही दोघं मोटारसायकलवर पाणी हुडकत फिरलो. पाणी असलं की काठावर मोबाईलचा टॉवर. टॉवर नसला की वीटभट्टी. सर वैतागले. "साठ वर्षांपूर्वी टॉवर कुठला, आप्पा?"

सरळ कोकणात जावं, तर हनीफभाई तयार न्हाईत. हनीफभाई म्हणजे जत्रेतले पाळणेवाले. त्यांच्याकडं वडलांच्या वेळचा, लाकडी बैठकांचा आकाशपाळणा हाय. सरांना तोच पायजे होता. हनीफभाई म्हणाले, "सर, पाळणा घाट उतरणार न्हाई. उतरला तर चढणार न्हाई. समंदर इधर लाव."

समंदर इधर लाव! जसं काय टेम्पोत घालून आणायचाय.

असंच एक दिवस वडीगोद्रीच्या अलीकडं भगवान अण्णांच्या शेतात मोसंबी खायला थांबलो. अण्णांचं शेततळं दीड एकराचं, उंचवट्यावर. खाली प्लास्टिकचा कागद, वर काठोकाठ पाणी. मोसंबीची बाग बांधाच्या मागच्या उतारावर, त्यामुळं तळ्याच्या काठावरून ती दिसत न्हाई. सरांनी तोंडातली फोड तशीच ठेवली अन् काठावर पालथे झोपले. एक डोळा मिटला. अन् एकदम बोंबलले, "आप्पा! क्षितिज!"

अण्णा माझ्या कानात म्हणाले, "सरांना ऊन लागलं का?"

समजावून सांगितल्यावर अण्णा खूष झाले. पण एक अट घातली. नऊशे झाडं मोसंबीची, नऊ वर्षांची. त्याच्या आधीची बाग एका दुष्काळात त्यांनी स्वतःच्या हातानं तोडलेली. तळ्यात कुणी घसरलं तर धरायला गाठी मारलेला एक दोर काठावरून पाण्यात सोडलेला होता. त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "कॅनॉलची पाळी येईस्तोवर मला हेच पाणी पुरवायचंय. तिसरी गाठ उघडी पडली की तुमचा समुद्र बंद. मंग हिरो-हिरोईन भेटलेले असू द्या न्हाईतर आर्ध्यात लटकलेले! बाकी समुद्र तुमचा. जबान दिली."

तेव्हापासून रोज सकाळी अख्खं युनिट आधी दोर बघायचं, मंग चहा घ्यायचं.

किनारा पायजे म्हणून वाळू टाकली. रीतसर पावतीची, हां! आयुष्यभर वाळूच्या ट्रॅक्टरमागं पळालो, अन् रिटायर झाल्यावर भर उन्हात उभा राहून म्हणून राह्यलो, "अजून दोन ट्रिपा टाका!"

*

सरांनी मला कंटिन्यूटीचं काम दिलं. म्हणजे काय, तर काल हिरोईनची वेणी कोणत्या खांद्यावर होती ते आज सांगायचं. मी म्हटलं, सोपं हाय. एकतीस वर्षं दुसरं काय केलं? रोज शॉट झाला की पंचनामा!

"आज रोजी आम्ही खाली सही करणार पंच लिहून देतो की, सदर नायिका ही शेततळ्याच्या पूर्व काठावर पश्चिमेस तोंड करून उभी असून तिची वेणी डाव्या खांद्यावर आहे. हातात छत्री, मिटलेली. पाणी दुसऱ्या गाठीच्या वर चार बोटे."

खाली दोन पंच. एक ट्रॅक्टरवाला दत्ता, दुसरा त्याचा चुलतभाऊ. आमची हिरोईन रेणुका जालन्याची, नाटकातली हुशार पोरगी. ती लांबूनच विचारायची, "आप्पा, कानातलं कोणतं होतं?" मी म्हणायचो, "पान सात, ओळ चौथी!" कॅमेरावाला पुण्या-मुंबईकडं काम केलेला. म्हणाला, असली कंटिन्यूटी मी कुठंच बघितली न्हाई. त्यानं कौतुक केलं का नावं ठेवली, ते मला अजून समजलं न्हाई.

एक दिवस फार भारी शॉट झाला. रेणुका वळली, सूर्य बराबर तिच्या खांद्यामागं बुडाला, पाण्यावर लाली. सरांचे डोळे भरून आले. "ओके! पुढचा!"

मी कागद घेऊन दत्ताकडं गेलो. दत्ता म्हणाला, "सही करणार न्हाई."

"का रे?"

"आम्ही चहाला गेल्तो. न बघितलेल्या गोष्टीवर सही कशी करू? उद्या कोर्टात उभं केलं तर?"

सरांनी त्याला लई समजावलं. पण खरं सांगतो, माझंच मन तयार होईना. मी म्हटलं, "सर, पोराचं बराबर हाय. पंच हजर नसले तर तो पंचनामा कसला?"

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायची वाट बघत तोच शॉट पुन्हा घेतला. पंच समोर खुर्च्या टाकून बसलेले. सिनेमात हाय तो हा दुसरा शॉट. पहिलाच चांगला होता, असं सर अजून म्हणतात. पण त्याला कागद न्हाई!

*

हिरो गजानन. मंठ्याला बियाण्याच्या दुकानात कामाला. उंचापुरा, देखणा, अन् मिशी अशी की बघत राहावं. सरांना मात्र हिरो सफाचट पायजे होता. गजानननं हात जोडले.

"सर, वडील जिवंत हायेत."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं न्हाई. आमच्याकडं बाप गेल्यावर पोरगा मिशी उतरवतो. बाप धडधाकट असताना मिशी काढून मंठ्याच्या बाजारात फिरला, तर लोक सांत्वनाला घरी येतील!

शेवटी सर अन् मी मंठ्याला गेलो. गजाननचे वडील सत्तरीचे, कडक. ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काठी उचलतात. मंग म्हणाले, "सिनेमात पोरगं नोकरी करतं का?"

"करतो की. पाळणा फिरवतो."

"दारू पितं का?"

"बिलकुल न्हाई."

"मंग काढा. पण मी समोर बसणार."

शूटिंगच्या पहिल्या दिवशी न्हावी आला. म्हातारा नवा फेटा बांधून, वाळूवर खुर्ची टाकून बसला. वस्तरा चालून राह्यला अन् येणाराजाणारा जो थबकेल त्याला म्हातारा ओरडून सांगतो, "मी हाय! मी हाय! सिनेमासाठी चाललंय!"

एवढ्यावर भागलं न्हाई. मिशी पुन्हा येईस्तोवर दर गुरुवारी म्हातारा पोरासोबत मंठ्याच्या बाजारात हिंडायचा. भाजी घ्यायची नसली तरी!

*

समुद्र म्हटला की वारा पायजे, पदर उडायला पायजे, पाण्यावर लाटा पायजेत. दत्ता म्हणाला, "त्यात काय! अण्णांचा ब्लोअर हाय ना." बागेवर फवारणी करायचा, ट्रॅक्टरमागं लावायचा भलामोठा पंखा. लावून बघितला. काय लाटा उठल्या! सर टाळ्या वाजवायला लागले.

शॉट असा होता. रेणुका डोळे मिटून लांब श्वास घेते अन् म्हणते, "इथली हवा किती गोड आहे!" गजानन म्हणतो, "तुमच्यामुळं."

आदल्या दिवशी अण्णांनी बागेवर मावा किडीसाठी निंबोळी अर्क फवारलेला. टाकीत थोडा राह्यलेला. अन् आमचा दत्ता फवाऱ्याची तोटी बंद करायची विसरला.

"ॲक्शन!" पंखा सुरू झाला. बारीक धुकं उडालं. आम्हाला वाटलं, वा, समुद्राचे तुषार! रेणुकानं लांब श्वास घेतला. चेहरा क्षणभर कसातरीच झाला. पण पोरगी खरी कलाकार! हसून, एकेक शब्द तोलत म्हणाली, "इथली... हवा... किती गोड आहे!"

गजानननं तोंड उघडलं. "तुमच्या... थू! थू! सर, लई कडू हाय हो!"

सगळे धावले. पाणी आणा, टॉवेल आणा! अण्णा मात्र एकदम शांत. म्हणाले, "काळजी करू नका. आता महिनाभर हिरोईनला मावा पडत न्हाई!"

*

मौजबागेत गर्दी पायजे म्हणून अख्खं गाव बोलावलं. सर भोंग्यावरून सांगून राह्यले, "तुम्ही समुद्र पहिल्यांदा बघताय! थक्क व्हा!" लोक थक्क व्हायला तयार न्हाईत. त्यांना ते अण्णांचं शेततळंच दिसून राह्यलेलं. एक जण तर म्हणाला, "सर, हा खड्डा मीच खांदलाय. जेसीबी माझा होता."

एक मावशी तेवढी मनापासून कामाला लागली. समुद्र म्हटल्यावर तिनं हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले अन् कुणी काही म्हणायच्या आत नारळ सोडला पाण्यात!

प्लास्टिकचा कागद शेवाळानं निसरडा, आत कुणाला उतरू देणार? नारळ तरंगतच राह्यला. आज इकडच्या काठाला, उद्या तिकडच्या. माझ्या पंचनाम्यात रोज एक ओळ वाढली: "नारळ, नायिकेपासून अंदाजे तीस फूट, ईशान्येस." ब्लोअर लावला की तो हिरोईनकडं यायचा, बंद केला की परत जायचा. सर शेवटी म्हणाले, "असू द्या. समुद्रात नारळ असतोच."

सिनेमा बघून एक जाणते गृहस्थ सरांना म्हणाले, "तो नारळाचा सिम्बॉल फार आवडला. प्रेमाची प्रतीक्षा ना?"

सर म्हणाले, "बराबर ओळखलंत."

*

पाळण्याचं तर विचारूच नका. हनीफभाईंची शिस्त अशी की समोरासमोरच्या बैठकांत वजन बराबर पायजे, न्हाईतर पाळणा फिरवणार न्हाईत. सरांना पूर्ण पाळण्यात दोघंच पायजेत, हिरो अन् हिरोईन. हनीफभाई म्हणाले, "दोघंच बसा. लेकिन सामने दाण्याची पोती, कट्टे ठेवतो." माणसाचं वजन नजरेनं सांगणारा माणूस तो, चाळीस वर्षांचा तजुर्बा. दोघांना बसवलं, मान वाकडी करून बघितलं, अन् सवयीनं भोंगाच हातात घेतला. सगळ्या गावाला ऐकू गेलं, "हिरो बराबर है! हिरोईन के वास्ते और आधा कट्टा डालो!"

रेणुका उतरून गेली, अर्धा तास पाळण्याजवळ यायला तयार न्हाई. वर तर जाऊ द्याच.

कशीबशी समजूत घातली. शॉट सुरू झाला. पाळणा फिरून राह्यला, दोघं एकमेकांकडं बघून राह्यले. गजानन तिचा हात हातात घेतो, म्हणतो, "तुला एक सांगायचं होतं. रोज ठरवतो, पण..."

पीईईप! शिट्टी! पाळणा थांबला.

"चार चक्कर हो गये! उतरो!"

सर ओरडले, "हनीफभाई! शॉट चालू हाय!"

"लेकिन सर, टिकट तो चार चक्कर का है!"

पुन्हा घेतलं. चौथा फेरा झाला की हनीफभाईंचा हात आपोआप शिट्टीकडं! तिसऱ्यांदा शिट्टी काढून घेतली, तर तोंडानं वाजवली. चाळीस वर्षांची सवय, ती काय जाते? शेवटी सरांनी हार मानली अन् संवाद चार फेऱ्यांत बसवला. सिनेमात गजानन प्रेम कबूल करताना एवढा घाईत का हाय, ते आता समजलं असेल.

*

आता शेवटचं. हे मी चहावर सांगत न्हाई, सांगायला घेतलं की चहा निवून जातो.

मे महिना. फक्त ताटातुटीचा सीन राह्यलेला. गजानन काठावर उभा राहून म्हणतो, "हा समुद्र आटेस्तोवर मी तुझी वाट बघीन." पण उन्हानं असं धरलेलं की दोराची तिसरी गाठ वर यायला दोनच बोटं उरलेली. अन् अण्णा या सिनेमात आमच्यापेक्षा जास्त गुंतलेले. रोज सरांना विचारायचे, "ती परत येते का न्हाई शेवटी?" सर सांगायचे न्हाईत. "पडद्यावर बघा, अण्णा."

एका सकाळी येऊन बघतो, तर गाठीवर चार बोटं पाणी! काल दोन, आज चार. पाऊस न्हाई, कॅनॉलची पाळी न्हाई, पाणी वाढलं कसं? मी काठावरच्या दोराच्या खुंटीकडं बघितलं. दोर चार बोटं सैल सोडून पुन्हा बांधलेला. अहो, एकतीस वर्षं बांध कोरणारे धरले मी. सरकवलेली खूण मला लांबून समजते!

अण्णांना बाजूला घेतलं. "दोर कुणी सोडला?"

अण्णांनी मान खाली घातली. "मीच."

"का हो?"

"आठ दिवस झाले, ठिबकचा वॉल्व बंद ठेवलाय मी. म्हटलं, तुमचं शेवटचं होऊन जाऊ द्यावं. तरीबी पाणी कमी होऊन राह्यलं, आप्पा! खालचा कागद फाटला असणार. सगळं जिरून चाललंय." डोळ्यांत पाणी आलं. "आठ दिवस बागेकडं गेलो न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ? मे महिन्यात आठ दिवस पाण्यावाचून... झाडं तर गेलीच. सिनेमा तरी होऊ द्या. जबान दिली होती. कुणाला सांगू नका."

माझ्या पोटात गोष्ट राहत न्हाई. दहा मिनिटांत सरांना सांगितलं.

सर कपाळाला हात लावून बसले. मंग ताडकन उठले. "पॅकअप!"

रेणुका मेकअप करून तयार, गजाननचे संवाद पाठ, कॅमेरा लागलेला. सगळे बघतच राह्यले. सर सरळ मोटारीच्या खोलीकडं निघाले. अण्णा धावत पुढं गेले अन् स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभे.

"सरका अण्णा, झाडांना पाणी सोडायचंय!"

"आधी शॉट घ्या!"

"सिनेमा मी पुन्हा काढीन. नऊ वर्षांचं झाड कुठून आणू?"

"झाडं माझी हायेत. तुम्ही मधी पडू नका!"

"अन् सिनेमा माझा हाय!"

बांधावरची भांडणं मी आयुष्यभर मिटवली. पण 'माझं मरू दे, तुझं वाचव' म्हणून एकमेकांची गचांडी धरलेली माणसं पहिल्यांदा बघितली. हनीफभाई तोंड फिरवून डोळे पुसून राह्यले. रेणुका तर रडायलाच लागली.

तेवढ्यात बांधाच्या मागून कौसल्यावहिनी वर आल्या. अण्णांच्या मंडळी. पदर खोचलेला, हातात खुरपं, घोट्यापर्यंत पाय चिखलानं भरलेले.

"काय गोंधळ लावलाय?"

सरांनी हात जोडले. "वहिनी, माफ करा. आमच्यापायी तुमची बाग..."

"बागेला काय धाड भरली?"

सरांनी बंद मोटारीकडं बोट केलं. वहिनी म्हणाल्या, "हे रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले की मी वॉल्व खोलते, मोटार लावते. यांच्या गाडीचा आवाज आला की बंद करते. झाडं ठणठणीत हायेत. कागद फाटला न्हाई अन् काही न्हाई. अन् परवा कॅनॉलला पाणी सुटतंय. पाटकरी काल सांगून गेला."

अण्णा मटकन खाली बसले अन् लेकरासारखे रडले. सर त्यांच्याशेजारी तिथंच मातीत बसले. माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की मला हसू आवरेना. दत्ता बागेकडं पळत गेला अन् तिथूनच ओरडला, "अण्णा, झाडांची आळी ओली हायेत! ओली हायेत!"

बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे पुसले. मंग जरा रागातच म्हणाले, "आठ दिवस माझ्या जिवाला घोर लागलाय, अन् तू एका शब्दानं बोलली न्हाईस?"

वहिनींनी पायाचा चिखल गवताला पुसला.

"कुणाला बोलू? सगळं गाव समुद्राकडं तोंड करून बसल्तं. मागं वळून बागेकडं बघितलं का कुणी?"